शिंपलेकरी

आमचे सासरे माळकरी. त्यामुळे लग्न होऊन आले त्या दिवसापासून घरात मांस-मच्छीचा प्रश्नच नव्हता, आणि अंड्याचं तर नावही निघत नसे. पुढे मी आळंदी ते पंढरपूर तीनदा चालले. त्या अडीचशे किलोमीटरांत आपण शाकाहारी आहोत हे मला एकदाही आठवलं नाही. कुणीतरी हाताला धरून पंगतीत बसवायचं, पिठलं-भाकरी वाढायचं, वर ठेचा, आणि "माउली, अजून घ्या" म्हणायचं. शाकाहारी असणं ही तोंड उघडून सांगायची गोष्ट असते, हे मला एकोणसाठाव्या वर्षी स्पेनमध्ये कळलं.

स्पेनच्या पायी यात्रेची टूम नणंदेची. "वहिनी, फ्रान्सच्या हद्दीतून निघायचं, पिरेनीज ओलांडायचा आणि चालत सान्तियागो गाठायचं. ७८० किलोमीटर. तू तीन वाऱ्या केल्यास, तुला काय अवघड?"

"आणि जेवायचं काय?"

"अगं, युरोप आहे. आता सगळीकडे सगळं मिळतं."

हे वाक्य मी तिला पुढे बऱ्याच गावांत, बऱ्याच ताटांसमोर ऐकवलं.

सासूबाईंनी निघताना दोघींना समोर उभं केलं आणि पिशवीत भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी अन् गूळ भरला. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको, असा त्या वाटेवरचा दंडक आहे. माझ्या दहाव्या हिश्श्यातला निम्मा भाग भाजणीचा होता. पिरेनीजच्या चढावर मी दर शंभर पावलांना सासूबाईंची आठवण काढत होते. कशा शब्दांत ते सांगत नाही.

पांप्लोनाला पहिला धडा मिळाला. स्पॅनिशमध्ये 'सिन' म्हणजे शिवाय आणि 'कार्ने' म्हणजे मांस, एवढं मी पाठ करून गेले होते. सॅलड मागवलं. "सिन कार्ने?" "सी, सी, सिन कार्ने!" वेटर इतक्या आनंदाने म्हणाला की मला संशय यायला हवा होता. सॅलडची पानं बाजूला केली तर खाली काहीतरी करड्या रंगाचं. "हे आतून काय निघालं?" मी नणंदेला विचारलं. वेटरला त्यातला एकच शब्द कळला आणि त्याचा चेहरा उजळला. "आतून! सी, सी, आतून!" स्पॅनिशमध्ये ट्यूना माशाला 'आतून' म्हणतात. मराठी माणसाला इतका प्रामाणिक इशारा दुसऱ्या कुठल्या भाषेने दिला नसेल.

पुढे हळूहळू उलगडा झाला. त्या माणसाने मला फसवलं नव्हतं. 'कार्ने' म्हणजे बैलाचं, डुकराचं चांगलं घसघशीत मांस. मासा त्यात येत नाही. आणि हामोन, म्हणजे सुकवलेलं डुकराचं मांस, त्यातही येत नाही. हामोन हा पदार्थच नव्हे. आपली कोथिंबीर असते तसं ते असतं. फरसबीची भाजी मागितली की वर हामोन. वाटाण्यात हामोन. आपण भुवया उंचावल्या की स्वयंपाकीणबाई दुखावून म्हणणार, अहो, चवीपुरतंच आहे. बारमध्ये तर डोक्यावर छतापासून अख्ख्या तंगड्या टांगलेल्या. तेल निथळून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडू नये म्हणून प्रत्येकीखाली छत्रीसारखी नाजूक वाटी. त्या झुंबराखाली बसून मी कॉफी प्यायले.

मग मी नेति नेतिचा मार्ग धरला. ब्रह्म काय आहे हे सांगता येत नाही, काय नाही तेच सांगायचं. सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन हामोन, सिन चोरिथो. मी हे मंगलाष्टकांच्या चालीवर म्हणायला लागले. लोक अक्षता शोधत असावेत. सगळं वगळून शेवटी समोर उरायचं ते पान. हो, पावाला ते 'पान' म्हणतात. पान मांडलं म्हणजे नुसता पाव ठेवला. आणि लसणीला म्हणतात 'आहो', म्हणजे जवळजवळ तसंच. पस्तीस वर्षं मी ज्या नावाने घरात हाक मारते ते मेनूकार्डावर सूप म्हणून दिसल्यावर मला भरून आलं. मागवलं. त्यातही हामोन होतं.

या वाटेची पहिली मार्गदर्शिका बाराव्या शतकातली. एमेरी पिको नावाच्या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावर ती सांगतात. त्याने ताकीदच दिली आहे की स्पेनमधले मासे, आणि गाईडुकराचं मांस, परक्या माणसाने खाल्लं तर तो आजारी पडेल. नऊशे वर्षांपूर्वी या रस्त्यावर माझ्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस होता. पण त्याचं कुणी ऐकलेलं दिसत नाही.

आणि मग सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा. तिथल्या कॅथीड्रलमध्ये, भिंतीत उंचावर, जाळीच्या नक्षीदार खुराड्यात एक जिवंत पांढरा कोंबडा आणि कोंबडी ठेवलेली असतात. गोष्ट अशी: आईबापांबरोबर यात्रेला निघालेल्या एका जर्मन पोरावर चोरीचा खोटा आळ आला आणि त्याला फाशी दिलं. आईबाप सान्तियागोहून परत येऊन बघतात तर पोरगा फासावरच जिवंत. ते धावत न्यायाधीशाकडे गेले. तो जेवत होता. म्हणाला, तुमचं पोरगं जिवंत असेल तर माझ्या ताटातली ही भाजलेली कोंबडा-कोंबडीची जोडी पण जिवंत आहे! त्याबरोबर ताटातली जोडी उठून उभी राहिली आणि आरवली. मी त्या खुराड्याकडे बघून मनापासून हात जोडले. चमत्काराने मांसाहार बंद पाडल्याची एवढी थेट हकिकत मला आपल्याकडेही आठवत नाही. बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या खानावळीचा फळा वाचला. आजचा विशेष: कोंबडी.

आता धिरड्याकडे येते.

दुसऱ्या दिवसापासूनच मला एक आधार सापडला होता. प्रत्येक बारच्या काचेत एक जाडजूड, गोल, पिवळंधमक धिरडं असायचं. त्रिकोणी तुकडा कापून देत. आत मऊ बटाटा, थोडा कांदा, वरून खरपूस. नाव 'तोर्तिया दे पातातास', म्हणजे बटाट्याचं. हरभरे इथे मिळतात, तेव्हा बेसन असणारच. सकाळी एक तुकडा, दुपारी एक, आणि नेति नेतिने रात्री काहीच उरलं नाही तर आणखी एक. असे अकरा दिवस गेले. बुर्गोसला मी काउंटरवरच्या बाईला खुणेने विचारलं, बेसन कुठलं वापरता? तिला कळेना. शेवटी तिने आतून, म्हणजे मराठी आतून, एक ट्रे आणून दाखवला. अंडी. तीस.

मी नणंदेकडे पाहिलं. ती बाहेरचं कॅथीड्रल बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"वहिनी, तू इतकी आनंदाने खात होतीस."

"अकरा दिवस?"

"पाय दुखायचे थांबले ना तुझे? प्रोटीन."

त्या रात्री मी फक्त मेतकूट आणि गूळ खाल्ला. बुर्गोसनंतर मेसेता लागते, म्हणजे सपाट पठार, क्षितिजापर्यंत गहू, सावलीला झाड नाही आणि दोन गावांमध्ये कधीकधी सतरा किलोमीटर. विचार करायला भरपूर जागा. अजाणता खाल्लं ते माफ, असं मी पहिल्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी एका गावातला एकुलता एक बार उघडा होता, दुकान दुपारच्या झोपेसाठी बंद होतं, आणि काचेत फक्त एकच गोष्ट होती. पिवळीधमक. मी तिला धिरडं म्हणायचं ठरवलं. नणंदेनेही म्हटलं.

अस्तोर्गाच्या परिसरात 'कोसिदो' नावाचं जेवण उलटं वाढतात. आधी मांसाचे सात-आठ प्रकार, मग चणे आणि कोबी, शेवटी सूप. मी पहिल्या वाढीला हात बांधून बसले, कारण चण्यांची वाट बघत होते. चणे आले. ते त्याच मांसाबरोबर शिजले होते. ओ सेब्रेइरोच्या डोंगरावर, धुक्यात आणि थंडीत, वाफाळती पालेभाजी आली: हिरवा पाला, बटाटा, शेंगदाण्याएवढे पांढरे वाल. थेट आमच्याकडचं अळूचं फतफतं. डोळ्यांत पाणी आलं. मग विचारलं, आणि फोडणी डुकराच्या चरबीची निघाली. डोळ्यांतलं पाणी तसंच वापरलं.

गालिसियात मला वाचवलं ते पाद्रोनच्या मिरच्यांनी. छोट्या हिरव्या, तेलात तळलेल्या, वर जाडं मीठ. बहुतेक गोड, पण एखादी अशी निघते की बाजूच्या टेबलावरचा जर्मन माणूस उभा राहतो. मी ती एखादी शोधत बसायचे.

मेलिदेला नणंद म्हणाली, "तू पुढे हो, मला औषधाच्या दुकानात जायचंय." मी पुढे गेले, आणि टोपी विसरली म्हणून परत आले. ती एका लांब लाकडी बाकावर बसली होती. समोर लाकडी ताटली, त्यात गोल गोल चकत्या, वर तिखट, मीठ, तेल. एका चकतीला चूषक होते.

"हे काय आहे?"

ती काडी हातात धरून थांबली. मग म्हणाली, "धिरडं."

ऑक्टोपस होता. गालिसियाचं मोठं पक्वान्न. आणि हे तिचं आजचं नव्हे, कॉलेजपासूनचं निघालं. आम्ही दोघी पाठीवर शिंपला लटकवून चालत होतो, कारण या वाटेच्या यात्रेकरूची तीच खूण. आपल्याकडे माळ घातली की सोडायचं असतं. इथे शिंपला बांधायचा, आणि तोच शिंपला रात्री आतल्या मालकासकट ताटात. माळकरी मी, शिंपलेकरी ती. म्हणजे तोपर्यंत तरी मी तसं समजत होते.

"आईला सांगणार?" तिने विचारलं.

"तू बुर्गोसचं सांगणार?"

तिने उरलेली ताटली संपवली.

सान्तियागोला पोचलो, लॅटिनमधलं प्रमाणपत्र घेतलं, आणि चौकाजवळच्या बारमध्ये बसलो. तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मला फोन उलटा धरायला वेळ मिळाला नाही.

"पोचलात का गं? बरं झालं. ताटात काय आहे? दाखव बघू."

मी दाखवलं. त्या चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ बघत राहिल्या.

"छान जाळी पडली आहे की. भाजणीचं का?"

"नाही आई, भाजणी संपली," मी म्हटलं. "इथलंच पीठ आहे."

"आणि हिच्या ताटात?"

नणंदेने ताटली हळूच टेबलाच्या कडेला सरकवली. "बटाट्याच्या काचऱ्या, आई."

"तिखट जास्त घातलंय गं," सासूबाई म्हणाल्या. "जपून खा."