एकसष्टावा

शिक्षण हक्क कायद्याचे नियम सांगतात, की पाचवीपर्यंतची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावानं हे फारच मनावर घेतलंय. तेवढ्या अंतरात आमच्याकडे तीन सरकारी शाळा आहेत. दोन नगरपरिषदेच्या, एक जिल्हा परिषदेची. पोरगा सहा वर्षांचा झाला आणि घरात तुलना सुरू झाली.

मी कागदावर रकाने आखले : शिक्षक, वर्ग, पाणी, संडास. सासूबाईंनी ‘लिंबाचं झाड’ हा रकाना वाढवला. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून ऊन काही रजेवर जात नाही, हे त्यांचं म्हणणं खोडता येईना. चिरंजीवांनी फक्त खिचडीची चौकशी केली. एकीकडे वाटाणा, दुसरीकडे मटकी. मटकीवाली शाळा तिथेच बाद झाली.

शेजारच्या काकांना कळलं तेव्हा ते फाटकाशी येऊन हळूच म्हणाले, “सरकारी? काऊन जी, बरं चाललंय न तुमचं?” त्यांचा नातू पिवळ्या व्हॅननं कॉन्व्हेंटात जातो. 1937 साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि पोरांना हातानं काम करत शिकवायची नई तालीम देशभर निघाली. नातवाचा टाय मात्र इलॅस्टिकचा आहे. गाठसुद्धा दुकानातून बांधून येते.

उरलेल्या दोन शाळांचं ठरेना, तर शाळाच घरी आल्या. मे महिन्यात, भर दुपारी, डोक्याला दुपट्टे बांधून. (कॉन्व्हेंटची माणसं अशी येत नाहीत, तिथे आपणच अर्ज घेऊन उभं राहायचं.) पहिल्या शाळेच्या मॅडमनी पन्हं संपवलं, रजिस्टर उघडलं आणि पटाच्या आकड्यावर बोट ठेवलं. 60. कायद्याच्या तक्त्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्यापासून तिसरा. “वहिनी, तुमचा बाबू म्हणजे आमचा तिसरा शिक्षक आहे जी!” बाबू तेव्हा पलंगाखाली शिरून मांजरीला चप्पल घालत होता.

एवढा भाव आमच्या घराण्यात कुणाला आला नव्हता. हे तर लगेच कॉलर ताठ करून बसले. दुसऱ्या शाळेचे गुरुजी संध्याकाळी आले. त्यांच्याकडे घसरगुंडी होती, लिंब होता, स्मार्ट टीव्ही होता; तो चालतो का विचारल्यावर, “लाइन असली की चालते न!” हे प्रामाणिक उत्तरही होतं. पण तिसरा शिक्षक आणायची संधी त्यांच्याकडे नव्हती. नाव मॅडमकडे घातलं.

परवा गुरुजी बाजारात भेटले. रागावले असतील म्हणून मी कांदे निवडायला लागले. ते जवळ आले, माझ्या कडेवरच्या धाकटीकडे निरखून पाहिलं आणि खिशातून डायरी काढली.

“किती महिन्यांची झाली जी?”


“आठ.”

“लिहून ठेवतो.”