लायपोसोमल जावई

आमच्या पेडण्याच्या घरात सर्दी मला होते आणि त्रास सगळ्यांना. शिंक आली की बायको आल्याचा काढा ठेवते आणि मी मोबाइल उघडून वाचत बसतो. काढा निवून जातो, सर्दी आपोआप बरी होते, श्रेय मात्र मी वाचनाला देतो.

अशाच एका सर्दीत द्रवरूप ‘लायपोसोमल व्हिटॅमिन सी’ माझ्या वाचनात आलं. २०२१मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी देशभर धावाधाव झाली होती, तेव्हापासून या शब्दाबद्दल मला आदर होताच. ती इंजेक्शनं शिरेतून जात आणि माझी बाटली तोंडातून जाणार होती, हा फरक मी किरकोळीत काढला. हरमलच्या किनाऱ्याकडच्या एका दुकानात बाटली मिळाली. किंमत सांगत नाही, बायको हा लेख वाचणार आहे. चव आंबट, खारट, वर तेलकट. इतकं वाईट लागतंय म्हणजे गुणकारी असणारच, असं म्हणून मी डोळे मिटून गिळत राहिलो.

आता यामागचं शास्त्र. ते मी घरात इतक्यांदा सांगितलं आहे, की मुलगी त्या वेळी कानांत इअरफोन घालते. क जीवनसत्त्व लहान आतड्यातून रक्तात न्यायला खास वाहक प्रथिनं असतात. आमच्या केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीसारखं समजा. बोटीत मावतील तेवढीच वाहनं पलीकडे जातात. दिवसाला ३० ते १८० मिलिग्रॅम घेतलं तर ७० ते ९० टक्के पार होतं. १ ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी. फरक एवढाच, की केरीच्या धक्क्यावर गाड्या पुढच्या फेरीसाठी थांबतात, आतड्यातली रांग थांबत नाही, ती पुढे सरकते. आणि जे पार होतं त्यातलंही जास्तीचं मूत्रपिंडं बाहेर काढून टाकतात. लायपोसोमचं म्हणणं असं, की मी स्वतःची होडी घेऊन येतो, मला तुमची फेरीबोट नको. ही होडी म्हणजे लेसिथिनमधल्या स्निग्ध रेणूंचं दुपदरी कवच. साठच्या दशकात इंग्लंडात अ‍ॅलेक बँगहॅम यांनी अशी कवचं दाखवून दिली. चांगला लायपोसोम इतका बारीक, की केसाच्या जाडीत काहीशे रांगेत उभे राहतील.

दावा अगदीच पोकळ नाही. २०१६मध्ये ११ जणांना ४-४ ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण साध्या क जीवनसत्त्वापेक्षा जास्त भरलं, शिरेतून दिलेल्यापेक्षा मात्र बरंच कमी. वाटेत पित्तरस असतो, आणि स्निग्ध कवचं फोडणं हा त्याचा रोजचा धंदा. पण हे सगळं मी बाटली संपल्यावर वाचलं. त्याआधी जे वाचलं ते जास्त घातक होतं: लायपोसोम घरी करता येतात! लेसिथिन, अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची पूड, पाणी, आणि दागिने साफ करायचं अल्ट्रासोनिक यंत्र.

डिचोलीच्या बाजारात माझ्या मेहुण्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याच्याकडे असलं यंत्र आहे, चष्मे धुवायला. एप्रिलातल्या एका रविवारी दुकान बंद असताना ते उचलून मी सासुरवाडीला नेलं. तिथे काजूचा हंगाम ऐन भरात. माडीखाली बोंडूंचा ढीग, अंगणभर वास. सासूबाईंनी पेलाभर निरो, म्हणजे बोंडूंचा ताजा रस, पुढे केला. मी म्हटलं, “नको, घसा खवखवतो. मला व्हिटॅमिन सी करायचंय.” बोंडूत संत्र्याच्या चार-पाच पट क जीवनसत्त्व असतं, हे मला पाठ आहे, मुलांना वर्गात सांगतो. सासऱ्यांनी माझा पेला मुकाट्याने उचलून पिऊन टाकला.

यंत्र तासभर घुंघुं करत राहिलं. पिवळट, दुधाळ काहीतरी तयार झालं. लायपोसोम झाले की नाही हे पाहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तो सासऱ्यांकडे नव्हता. मग घरगुती परीक्षा: खाण्याचा सोडा टाकायचा, फेस आला नाही तर आम्ल कवचात नीट बंद झालं असं समजायचं. मी थोडं पातेल्यात काढून सोडा टाकला. पातेलं उतू गेलं, ओट्यावरून फेस जमिनीवर, जमिनीवरून सासूबाईंच्या पायांपर्यंत.

“जावयबापू, सान्नां करताय तर उडीद कुठे घातलेत?” त्यांनी विचारलं.

फेस आला तो थोडाच भाग, बाकीचं कवचात असणार, असा मी निष्कर्ष काढला, आणि टाकीतलं उरलेलं पेला भरून प्यायलो. आपल्याकडे पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरे, आणि प्रौढाने २ ग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगतात. माझं माप पोह्यांच्या चमच्याचं होतं. जे शोषलं जात नाही ते आतड्यात पाणी खेचून घेतं, हेही पुस्तकात दिलेलं आहे. यंत्र दुकानात जागेवर ठेवून मी निघालो, आणि प्रात्यक्षिक परतीच्या बसमध्ये झालं. मुळगावला पोटात गुरगुरलं. अस्नोड्याला मी कंडक्टरचा हात धरला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता घंटी दिली.

रस्त्याकडेच्या पहिल्याच घराचं दार ठोठावलं. आतून एक आजी आल्या. “कोण रे बाबा? पाणी हवं का?”

“हवं,” मी म्हटलं, “पण पिण्यासाठी नाही.”

त्या भल्या बाईने परसाकडे बोट दाखवलं. बाहेर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी दिलं, निघताना झाडाचे दोन पेरू हातात ठेवले. म्हापशापर्यंत मी ते मांडीवर घेऊन बसलो. खायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुण्याचा फोन. “भावजी, मशीन धुऊन ठेवलं होतं ना?”

“पुसलं होतं.”

“सकाळपासून चष्मे तेलकट निघताहेत. मघाशी एका गिऱ्हाइकाने चष्मा लावला आणि म्हणाला, मोतीबिंदू झाला वाटतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला तो.”

“मग?”

“मग तपासणीची फी तुमच्या नावावर लिहिलीय.”