फाइल आली, मजकूर कुठाय?

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची देखभाल थांबवली. विंडोज 11 ला नवा प्रोसेसर हवा, सुरक्षेची चिप हवी. जुन्या मशीनकडे दोन्ही नाही. धडधाकट काँप्युटर एका तारखेने निवृत्त झाला.

मग काय, नवा घ्या!

नवा आणायला एक दुपार पुरते. दुकानदार घरपोच देतो, जोडूनही देतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. जुन्यातलं नव्यात कोण आणणार?

इतरत्र ‘जुन्यातलं’ म्हणजे फोटो, गाणी आणि आयकराचे कागद. पुण्याच्या नारायण पेठेचं तसं नाही. इथे प्रकाशक, डीटीपीवाले, छापखाने आणि बाइंडर एकमेकांना खेटून बसलेत. चार पावलांवर अप्पा बळवंत चौक. इथल्या एकेका हार्ड डिस्कवर कादंबऱ्या, प्रबंध, दिवाळी अंक, गाइडं आणि लग्नपत्रिका एकत्र नांदतात. अशी डिस्क गेली तर नुकसान एका दुकानाचं होत नाही, मराठीचं होतं.

आणि हे काम आपण सोपवतो कुणावर? जो सर्वांत कमी पैसे सांगेल त्याच्यावर.

तो येतो, वायर जोडतो, कॉपी लावतो, चहा घेतो. “काका, सगळा डेटा आला. एक पण एरर नाही.” काका खूश. पैसे देऊन मोकळे.

काका, एक तरी फाइल उघडून पाहिलीत?

2002 साली वर्डमध्ये टाइप केलेलं एखादं हस्तलिखित उघडा. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच. मध्येच डॉलर, मध्येच कंस, मध्येच उद्गारचिन्ह. ‘कार्तिक’ नाही, ‘किल्ला’ नाही, लेखकाचं नावसुद्धा नाही. फाइल पूर्ण आली, मराठीचं एक अक्षर आलं नाही.

व्हायरस? नाही. कॉपी चुकली? तेही नाही. विंडोजला देवनागरी येत नव्हती, त्या काळात फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक तोड काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले. फाइलमध्ये साठतो तो इंग्रजी अक्षराचाच क्रमांक, मराठी दिसते ती फॉन्टमुळे. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, त्या तोडीवर हजारो पुस्तकं निघाली. पण फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं.

बरं, त्या जागांची वाटणी तरी सगळ्यांची सारखी? छे! श्रीलिपीची वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकच्या आयएसएमची वेगळी, कृतिदेवची आणखी वेगळी. लिपी एक, कुलपं चार, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

मग जुना फॉन्ट नव्या मशीनमध्ये टाका. टाकू की! पण फॉन्टबरोबरचं जुनं सॉफ्टवेअर अनेकदा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही. जुना डोंगल प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये बसायचा. नव्या मशीनला तो पोर्टच नाही.

पुस्तकाची पानं लावायच्या पेजमेकरचं दुखणं आणखी जुनं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, 7.0, आली 2001 मध्ये. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, त्याला शेवटपर्यंत आली नाही. अडोबीच्या इनडिझाइनने पेजमेकरच्या फाइली सीएस6 पर्यंत उघडल्या, पुढच्या आवृत्त्यांनी दार लावून घेतलं. जानेवारी 2023 पासून अडोबीने टाइप 1 हे जुने फॉन्टही बाद केले. कंपनी तिचा धंदा बघते. तुमच्या पुस्तकाची काळजी तिने का करावी? ती तुमची जबाबदारी.

“आमच्याकडे पीडीएफ आहे,” असं कुणी छातीठोक सांगेल. उत्तम! फॉन्ट आत घालून केलेली पीडीएफ दिसेल झकास, छापून येईल झकास. आता त्यातला एक परिच्छेद उचलून ईमेलमध्ये टाका. पुन्हा तोच डॉलर, पुन्हा तोच कंस. पुस्तकाचं चित्र वाचलं, मजकूर अडकलेलाच राहिला.

यावर उपाय कालपरवाचा नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, देवनागरी त्यात पहिल्या दिवसापासून होती. विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी थेट मशीनमध्ये आली. सी-डॅक पुण्याची, श्रीलिपी पुण्याची. माहितगार माणसं याच शहरात होती. तरी पंचवीस वर्षं आपण काय केलं? “चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?”

आता हात लावावाच लागतोय, तोही घाईत.

युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, अवश्य वापरा. पण आंधळेपणाने नको. ‘कार्तिक’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या आधी साठते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट: अर्धा ‘र’ आधी, वेलांटी नंतर. ही उलटापालट कन्व्हर्टरने हुकवली की महिन्याचं नाव बिघडतं. तीनशे पानांत असे किती शब्द असतील?

म्हणून मुद्रितशोधक लागतो. नवा मॉनिटर घ्यायला पैसे असतात, मुद्रितशोधकाला द्यायच्या वेळी हात आखडतो. हे थांबवा. मजकूर वाचवणारा शेवटचा माणूस तोच आहे.

आता घरगुती मंडळींचा घोटाळा. डेस्कटॉपवरची सगळी चिन्हं उचलली, पेनड्राइव्हवर टाकली, झालं काम. त्यातली निम्मीशिम्मी शॉर्टकट असतात. एक-दोन केबीची ती चिठ्ठी, मूळ फाइल जुन्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. नव्यावर ती उघडेल कशी? कॉपी करण्याआधी आकार बघा. आयुष्यभराचं काम दोन केबीत मावत नाही.

मोठी फाइल पेनड्राइव्हवर जातच नाही, अशीही रड असते. एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं. आधी त्यातला माल मात्र बाहेर काढा, नाहीतर एक वाचवताना दुसरं पुसाल.

प्रकाशकांना एक थेट प्रश्न. आपल्या कायद्यात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. करारात त्यासाठी कलमांवर कलमं असतात. पण पुढची आवृत्ती ज्या फाइलीवरून काढायची ती उघडते की नाही, हे कोण बघणार? हक्क जपला आणि पुस्तक हरवलं, तर वारसांना काय देणार?

केसरीचा पहिला अंक 4 जानेवारी 1881 चा. केसरीवाडा याच नारायण पेठेत. तो अंक आज समोर ठेवला तर वाचायला डोळे पुरतात. 2002 ची फाइल वाचायला जुनं मशीन, जुनं विंडोज, जुना फॉन्ट आणि जुना डोंगल लागू शकतो. यातलं एक हरवलं की सगळं अडतं.

दोन प्रती ठेवल्यात? शाबास. कुठे? एक टेबलावर, दुसरी त्याच टेबलाच्या खणात. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि पुराचं पाणी नदीकाठच्या पेठांमधल्या घराघरांत शिरलं. एकाच छपराखाली दहा प्रती असल्या तरी पुराला त्या सारख्याच. जाणकारांचा नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. भाऊ कोथरूडला राहतो ना? एक डिस्क त्याच्या कपाटात ठेवा.

आणि जुनं मशीन भंगारात देण्याची घाई कसली? त्यात गिऱ्हाइकांची आधार कार्डं आहेत, लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत. वरवरच्या फॉरमॅटने ती पुसली जात नाहीत, सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा वर येतात. डिस्क काढून घ्या, नीट पुसा किंवा जवळ ठेवा. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रालाच द्या.

तर मंडळी, या रविवारी एवढं करा. जुनं मशीन एकदा सुरू करा. ज्या दहा फाइली गेल्या तर झोप उडेल, त्या निवडा. नव्या मशीनवर त्या एकेक उघडा, युनिकोडमध्ये बदला, पहिलं पान वाचा, शेवटचं वाचा, मग साठवा. पुढच्या रविवारी पुढच्या दहा. सगळ्या उघडल्या, सगळ्या वाचता आल्या, की मगच म्हणा ट्रान्सफर झालं. तोवर भंगारवाला कितीही भाव देवो, त्याला दारातूनच परत पाठवा.