हरणाची तंगडी, बासमतीचे पोते

पाठीवरच्या सॅकचा शास्त्रशुद्ध विचार ज्या देशात हमाल परवडत नाही, तिथेच होतो. 1952 साली डिक केल्टी नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅक घरच्या घरी बनवून विकायला सुरुवात केली. सांगाडा तो वाकवायचा, शिवण बायको घालायची. ओझे खांद्यावरून काढून कमरेवर टाकायचे, ही त्याची करामत. आपल्याकडे कमरेवर घागर घेऊन विहीर चढणाऱ्या बायकांना ती कधीपासून ठाऊक होती. फक्त त्यांनी दुकान काढले नाही.

आमच्या कोल्हापूरकडे शिकारीची परंपरा दांडगी. संस्थानच्या काळात पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरायचे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी असे आणि त्याला बैलगाडीतून कळपाजवळ नेत. म्हणजे चित्तासुद्धा चालत जात नसे, मग सरकार पाठीवर पिशवी घेऊन कशाला निघतील? पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद केली. तेव्हा आमच्या पिढीचे शिकारीचे ज्ञान दिवाणखान्यातल्या भुसा भरलेल्या मुंडक्यापाशी संपते, आणि तेही दुसऱ्याच्या दिवाणखान्यातल्या.

अशा परंपरेतला मी अल सुलैला एका गोदामाचा हिशेब सांभाळतो. अल सुलै म्हणजे रियाधचा पूर्वेकडचा, पर्यटकांच्या नकाशात न येणारा भाग. पत्र्याच्या शेड, टायरची दुकाने, ट्रेलरच्या रांगा, आणि सगळ्यांवर सारखी बसणारी धूळ. इथे येणाऱ्या प्रत्येक माणसाचे पोट दुसऱ्याचा माल उचलण्यावर किंवा तो नीट उचलला गेला की नाही हे लिहिण्यावर चालते. ऐन थंडीत आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला, ‘‘या जुम्म्याला कश्त्याला चल, ससाणा उडवू.’’ कश्ता म्हणजे वाळवंटातली सहल. सौदी माणसाला पावसाळी ढग दिसला की ती होते. मी मान डोलावली आणि पहिला विचार आला तो सॅकचा. बंदूक नाही, पक्षी नाही, अनुभव नाही. निदान सॅक तरी बरी हवी.

अमेरिकन शिकारी या विषयावर लग्नाच्या याद्यांइतका खल करतात. कारण सरळ आहे. डोंगरात गाडीरस्त्यापासून लांब एल्क, म्हणजे भलेमोठे हरीण, मारायचे, मग ते घरी कोण आणणार? मोठ्या नराचे हाडे काढून मांस शंभर किलोच्या आसपास भरते आणि ते खेपा करून स्वतःच्या पाठीवर आणायचे असते. म्हणून त्यांच्या सॅकला सांगाडा आणि पिशवी यांच्यामध्ये मांस ठेवायचा कप्पा असतो. एरवी सॅक अंगाला चिकटलेली, शिकार झाली की पट्टे सैल करायचे आणि मध्ये तंगडी सरकवायची. वजन पाठीला जितके चिकटून तितका तोल बरा. कापड असे हवे की झुडपाला घासले तरी सळसळ होऊ नये. एका दिवसाला तीस-चाळीस लिटर, मुक्कामाला साठ-सत्तरच्या पुढे. आणि मुख्य म्हणजे लिटर पाहण्याआधी पाठीची लांबी पाहायची. मान पुढे वाकवली की मागे जे हाड वर येते तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. उंचीचा इथे संबंध नाही. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते.

हे माप घ्यायला आमचा फोरमन पुढे सरसावला. राजापूरचा माणूस, निम्मी हयात आखातात गेलेली, कार्टन नुसते बघून किलो सांगणारा. त्याने माझी मान वाकवली, मापाची टेप लावली आणि गोदामभर ऐकू जाईल असे जाहीर केले, ‘‘पाठ अठरा इंच. पुढचं मोजायला नको साहेब, टेप संपेल.’’

बत्ह्याच्या बाजारातून सत्तर लिटरची एक सॅक घासाघीस करून आणली. रिकामी चाचणी घेणे हा शुद्ध बावळटपणा, असे सगळे जाणकार सांगतात. तेव्हा जेवणाच्या सुटीत आम्ही मांसाच्या कप्प्यात बासमतीचे वीस किलोचे पोते सरकवले. आधी कमरेचा पट्टा, तोही पोटावर नव्हे तर हाडावर, मग खांद्याचे बंद, मग खांद्यावरून मागे जाणारे ते दोन बारीक पट्टे, जे ओढले की ओझे पुढे झुकून पाठीला टेकते. फोरमनने ते ओढले मात्र, आणि खांद्यावरचे पोते जणू कुणी हाताने उचलून धरले. मी रॅकच्या दोन ओळी ताठ मानेने चाललो. फोर्कलिफ्टवाल्या बंगाली पोराने गाडी थांबवून विचारले, ‘‘इसमे क्या ले के जायेगा?’’ म्हटले, ‘‘हिरन.’’ त्याने शेडच्या दारातून बाहेर पाहिले. बाहेर टायरचा ढीग होता. ‘‘किधर?’’ असे म्हणून तो पॅलेट उचलायला गेला.

रात्री फोनवर सौभाग्यवतींना सगळी वैशिष्ट्ये सांगितली. त्यांचा एकच प्रश्न : ‘‘अहो, पण ती धुता येते का?’’ गंमत म्हणजे मांस वाहणाऱ्यांना हाच प्रश्न सगळ्यात मोठा असतो. रक्त कापडात मुरले तर दुर्गंधी जात नाही, म्हणून मांस आधी कापडी पिशव्यांत भरतात. एल्क जन्मात न पाहिलेल्या बाईने नेमके तिथेच बोट ठेवले.

जुम्म्याला रुमाहच्या पुढे, दहनाच्या तांबड्या वाळूत गेलो. मुदीरची गाडी म्हणजे शास, टोयोटाची ती उघड्या हौद्याची लँड क्रूझर. हौद्यात सतरंज्या, सरपण, पाण्याचे पिंप, आणि अझबा, म्हणजे चहा-कहव्याची सगळी भांडी खणाखणांत बसवलेली लाकडी पेटी. चूल मांडली तिथेच गाडी, गाडी उभी तिथेच माणसे. पाठीवर काही घेतलेला माणूस क्षितिजापर्यंत मी एकटाच होतो.

ससाणा मात्र बघण्यासारखा. खुंटीवर बसलेला, डोळ्यांवर चामड्याची टोपी. तिला तिकडे बुर्का म्हणतात. आमच्या चित्त्याचीच ही टोपी, फक्त माप लहान. उडवण्याआधी मुदीरने त्याला छोट्या तराजूवर तोलले. जास्त भरला तर पोट भरलेले, मग तो परत यायचा नाही. कमी भरला तर अशक्त. थोड्याशा ग्रॅमचा खेळ. शिकारीला इथेही परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, आणि हुबारा हा आपल्या माळढोकाचा भाऊबंद तर मारायचाच नाही. आजचा खेळ दोरीला बांधलेल्या पिसांच्या आमिषावर होता. बुर्का निघाला, पक्षी वर गेला, एक घिरटी घातली आणि सरळ कुवेतच्या दिशेने चालू लागला.

पण घाबरला कोणी नाही. पायाला ट्रान्समीटर होता. सगळे शासमध्ये चढले, मोबाइलवरच्या ठिपक्यामागे धावले आणि कहवा निवायच्या आत पक्षी मुठीवर बसवून परत आले. चूल राखायला मी थांबलो होतो. आल्यावर मुदीर सतरंजीवर आडवा झाला, टेकायला त्याने माझी भरलेली सॅक ओढून घेतली, कोपराने दोनदा चेपली आणि म्हणाला, ‘‘मुमताज!’’ म्हणजे उत्तम. सुक्करी खजुराचा डबा संपेपर्यंत ती त्याच्या काखेखाली होती. अठरा इंच पाठीचे माप त्याच्या कोपराला अगदी बरोबर बसले.

याच ससाण्यांना पासपोर्ट असतो आणि आखातातल्या काही विमान कंपन्या त्यांना चक्क केबिनमध्ये बसू देतात. आमच्या हातातल्या पिशवीला मात्र सात किलो, आणि काउंटरवरचा माणूस काटा असूनही आधी आपल्या चेहऱ्याकडे पाहतो. खांदा कलला, मान ताणली गेली, की ‘‘इकडे ठेवा’’ म्हणतो. इथे फोरमनच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या पट्ट्यांनी एल्कची तंगडी हलकी होते, त्यांनी टँगच्या डब्यांचे, निडोच्या पावडरीचे आणि भाच्याच्या इस्त्रीचे काय होणार नाही? गावी जाताना तो सॅक मागून घेऊन गेला. चौदा किलो पाठीवर, चेहऱ्यावर सात किलोचे हसू, हातात तसबीह. काउंटरवाल्याने काट्याकडे बोटसुद्धा दाखवले नाही.

तेव्हापासून सॅकला आमच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये नंबर लागतो. भिंतीवर यादी आहे, ती मीच सांभाळतो, हिशेबाचा माणूस म्हणून. सध्या ती कालिकतला गेली आहे. तिच्यामागे लखनौ आणि सिल्हेट आहे. आणि मुदीरने परवा निरोप पाठवला की, पुढच्या कश्त्याच्या जुम्म्याला तिला कुठेही पाठवू नका.