ओळंबेमामा

ओळंबेमामांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते त्यांच्या दारावरच्या पाटीवर, पेन्शनच्या कागदांवर आणि मतदारयादीत सापडेल. बाकी सगळीकडे ते ओळंबेच. खिशात ओळंबा घेऊन लग्नाला येणारा माणूस आमच्या माहितीत दुसरा नाही. मांडवाचा डाव्या हाताचा खांब दीड इंचाने कलला आहे, हे त्यांनी आमच्याच लग्नात, ऐन मंगलाष्टकं चालू असताना, माझ्या सासऱ्यांच्या कानात सांगितलं. मुलीवर अक्षता टाकताना सासरे भलतीकडेच, वर खांबाकडे बघताहेत, असा एक फोटो आमच्या अल्बममध्ये आहे.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, मामा घरं बघायला लागले. स्वतःसाठी नाही, त्यांचं घर केव्हाच झालंय. पण ओळखीत कुणी फ्लॅट घेतोय असा नुसता वास लागला की मामा कापडी पिशवी घेऊन हजर. फी नाही. चहासुद्धा तपासणी झाल्यावर. "आधी चहा घेतला की जीभ मऊ होते," असं ते म्हणतात.

पिशवीत ओळंबा, मेजर टेप, बॅटरी, टेस्टर, काचेची एक गोटी, जुनं जाडजूड एक रुपयाचं नाणं आणि निळीची पुडी. पहिल्या चार वस्तू समजण्यासारख्या आहेत. गोटी फरशीचा ढाळ बघायला. नाणं फरशी आणि गिलावा वाजवायला. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर खाली माल भरलेला नाही, पोकळी आहे. "दीडशे रुपयांचा माठ लोक वाजवून घेतात आणि साठ लाखांच्या घरात हाताची घडी घालून उभे राहतात," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलं असेल. निळीचं काम पुढे येईल.

आम्ही दोघं पुण्यात जुना फ्लॅट शोधत होतो. नवा परवडत नव्हता हे एक कारण, आणि मामांना नव्यात रस नव्हता हे दुसरं. नव्या इमारतीला रेरा कायद्याचं कवच आहे: ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यावर 30 दिवसांत बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. मामा हे कलम तोंडपाठ म्हणतात, पण किंचित तुच्छतेने. दोष निघाल्यावर ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा माणूस हजर असणं, त्यांना जरा पोरकट वाटत असावं.

पहिला शिरस्ता असा, की घर बघायला जायचं ते आषाढात, आणि शक्यतो रात्रभर पाऊस पडून गेल्यावर. दिवाळीत सगळीच घरं गोरी दिसतात. दुसरा शिरस्ता असा, की घरात शिरण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचा. एजंट लिफ्टपाशी ताटकळतोय आणि मामा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून इमारतीच्या गॅलऱ्या मोजताहेत, हे दृश्य मी चौदा इमारतींसमोर पाहिलं. गॅलऱ्या नव्हे, पिंपं. निळी पिंपं. "चार मजले, अकरा पिंपं. इथं पाणी तासभर येतं." एजंट म्हणाला, चोवीस तास पाणी आहे. मामांनी वॉचमनला तंबाखू दिली आणि तिसऱ्या मिनिटाला एप्रिल-मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात तो आकडा घेऊन आले.

मग जिन्यातला नोटीसबोर्ड. एजंट या फळ्याला कुलूप का लावत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. थकबाकीदारांची यादी, वरच्या-खालच्यांची गळतीवरून चाललेली पत्रापत्री, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी, तिसऱ्यांदा तहकूब झालेली सभा. सगळं तिथे लिहिलेलं असतं आणि खाली सचिवांची सहीसुद्धा असते. मामा चष्मा वर करून एकेक कागद वाचतात, मागचा कागद पुढच्याखाली दडला असेल तर टाचणी काढून वाचतात, आणि टाचणी पुन्हा त्याच भोकात लावतात.

सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला एक फ्लॅट पाहिला, म्हणजे पाहिलाच नाही. मामा पार्किंगमध्येच थांबले. "विजेचे मीटर एवढे उंच का?" खरंच, मीटर डोक्याच्याही वर होते, शेजारी रीडिंग घेण्यासाठी स्टूल. खालच्या भिंतीवर जुन्या मीटरची भोकं बुजवलेली दिसत होती. मामांनी भिंतीवरची एक पुसट मातकट रेघ बोटाने दाखवली. रेघ छातीएवढी होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, हे नकाशावर ठीक आहे. 2024 च्या जुलैत याच रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांनी नकाशे नव्हते उघडले. पानशेतचं धरण फुटलं त्या 12 जुलै 1961 ला मामा तेरा वर्षांचे होते, नारायण पेठेत राहायचे. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मीटर मात्र बघतात.

घरात शिरल्यावर मामा चेहऱ्याने गाईसारखे होतात. छान छान म्हणतात, पंख्याची चौकशी करतात आणि तेवढ्यात नाकाने घर हुंगून घेतात. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्यांचे डोळे लकाकतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगांना ते ढुंकूनही विचारत नाहीत, त्या सगळ्यांनाच पडतात. पण दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग दिसली की ते तिच्यापाशी उकिडवे बसतात. बीमच्या पोटाला गंजाचा तांबडा डाग दिसला, की हलक्या आवाजात मला समजावतात: लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि ती जागा तो वरचं काँक्रीट ढकलून करून घेतो. "आत भाडेकरू वाढले की भिंत बाहेर येणारच." एवढं बोलून ते घरमालकाकडे वळतात आणि म्हणतात, "हवा छान आहे हो इथली."

टेप काढला की मात्र गोडवा संपतो. एजंटने साडेसहाशे फूट सांगितलेलं घर टेपला चारशे अठ्ठावन्न भरलं. उरलेलं कुठे गेलं? जिन्यात, लिफ्टमध्ये, भिंतींच्या जाडीत, आणि मामांच्या मते वॉचमनच्या खुर्चीखाली. एजंट म्हणाला, "काका, ते सुपर बिल्टअप." मामा म्हणाले, "मग सतरंजी कुठे घालू? सुपरवर?"

कर्वेनगरातल्या एका घरात जे झालं ते सांगितलं पाहिजे. कमोडच्या टाकीतून पाणी गुपचूप गळतं का, हे बघायला मामा टाकीत नीळ टाकतात. फ्लश न ओढता दहा मिनिटांत खाली निळं पाणी उतरलं तर टाकी गळकी. त्या दिवशी नेमकी नीळ संपलेली. त्यांनी देवघरासमोरच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू, कुणालाही न विचारता, टाकीत टाकलं. मग दहा मिनिटं हाताशी आहेत म्हणून बेडरूमच्या चौकटीला ओळंबा लावला, हॉलच्या मधोमध गोटी सोडली आणि स्वतः बाथरूमलगतच्या भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले. अशा वेळी घरमालकाच्या आई दुपारची झोप काढून बाहेर आल्या. उंबऱ्यावर दोरा लोंबतोय, जमिनीवर काहीतरी गोल आपसूक सरकतंय, एक अनोळखी म्हातारा भिंतीशी पुटपुटतोय (ते थेंब मोजत होते), आणि संडासात कुंकवाचं पाणी. आजी ओरडल्या नाहीत. आत गेल्या, मिरच्या-मोहऱ्या घेऊन आल्या आणि आधी घरावरून, मग आमच्यावरून उतरवून टाकल्या. आम्ही बाहेर पडलो तेव्हा गोटी सोफ्याखालीच राहिली. मामा जिन्यात म्हणाले, "टाकी गळते. चौकट मात्र ओळंब्यात आहे हं."

अकरावं घर निर्दोष निघालं. एरंडवण्यातलं, तिसऱ्या मजल्यावरचं. भिंती कोरड्या, फरशी खणखणीत, नळाला जोर, तीन पिनांच्या सॉकेटांना अर्थिंग. कागदही चोख: इंडेक्स टू, तीस वर्षांचा सर्च, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स झालेलं, स्ट्रक्चरल ऑडिटचा ताजा अहवाल. मामा तीनदा फिरले. बादलीभर पाणी बाथरूममध्ये ओतलं, ते शहाण्या मुलासारखं सरळ जाळीत गेलं. मामांचा चेहरा उतरत गेला. शेवटी खुर्चीवर बसून त्यांनी पाणी मागितलं, जे ते कधी मागत नाहीत. "काही सापडत नाही," ते म्हणाले, "म्हणजे मोठं आहे." रात्री त्यांना झोप लागली नाही, असं मामींनी फोनवर सांगितलं. आम्ही आठवडाभर कां-कूं केलं, तेवढ्यात ते घर दुसऱ्याने घेतलं. बायको मामांशी पंधरा दिवस बोलत नव्हती. त्या घराचे नवे मालक मला अधूनमधून भाजी मंडईत भेटतात. सुखी दिसतात. मी हे मामांना सांगितलेलं नाही.

चौदावं घर आम्ही घेतलं. त्यात दत्ताची तसबीर होती आणि ती कमरेच्या उंचीवर लावलेली होती. मामा तसबिरीसमोर थांबले. चपला तर बाहेरच होत्या, त्यांनी पायमोजेही काढले. हात जोडले, डोळे मिटले, आणि "देव जरा वर बसवायला हवेत" असं म्हणत तसबीर अलगद उतरवली. मागे ताटाएवढी ओल. पोपडे सुटलेले, कडेने पांढरा लोणा फुललेला. घरमालक छताकडे बघू लागले. मामांनी तळहात त्या ओलीवर ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. भिंतीपलीकडे बाथरूम, बाथरूमच्या कोपऱ्यात न्हाणी ट्रॅप, ट्रॅपचा सांधा सुटलेला. पाच मिनिटांत त्यांनी सगळा रस्ता बोटाने आखून दाखवला. "घ्या हे," मला म्हणाले. "याचं दुखणं माहीत आहे." मग घरमालकांना बाजूला घेऊन, त्याच दत्ताच्या साक्षीने, दीड लाख रुपये कमी करून घेतले.

राहायला गेल्यावर पहिलं काम ते केलं. बाथरूमची फरशी फोडली, ट्रॅप बदलला, कोबा नव्याने घातला, गिलावा खरवडून पुन्हा केला. अठरा हजार रुपये लागले. मामा गवंड्याच्या डोक्यावर बसून होते.

पुढच्या आषाढात, दोन दिवस झड लागल्यावर, सकाळी नऊला बेल वाजली. मामा. छत्री गळत होती म्हणून ती बाहेर ठेवली आणि थेट आत येऊन भिंतीवर हात ठेवला. खाली, वर, कोपऱ्यात. मग बॅटरी लावली. मग गाल लावला. भिंत खडखडीत कोरडी होती.

"बरं झालं," ते म्हणाले. भेटायला गेल्यावर म्हणतात तशा आवाजात.

त्यांनी चहा घेतला, तपासणी झालेलीच होती. पोहे अर्धे ठेवले. मामींच्या गुडघ्याबद्दल बोलले. निघताना दाराशी चपला घालायला एका पायावर उभे राहिले, तोल सावरायला जिन्याच्या भिंतीला हात टेकला. चपला पायात गेल्या तरी हात तिथेच होता.

"जावईबापू," वर न बघता ते म्हणाले, "वरच्या मजल्यावर कोण राहतं हो? जरा माझी पिशवी द्या."