शिल्लक शैलीचा ऱ्हास

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची इमारत अभ्यासक व्हेनेशियन गॉथिक, म्हणजे नोकदार कमानी आणि कोरीव दगडकाम मिरवणाऱ्या शैलीत घालतात, आणि तिच्या घुमटांत एतद्देशीय छटाही शोधतात. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या पंखवाल्या गार्गॉइलांवर, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणाऱ्या अक्राळविक्राळ पन्हळांवर, पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि या वास्तूचे सर्वांत दुर्मीळ लक्षण दगडात नसून हिशेबात आहे: मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये असताना ती ११,१९,९६९ रुपयांत पूर्ण झाली आणि चक्क ६८,११३ रुपये उरले. १८७८ साली पूर्ण झालेल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीतही अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी लागले होते, तेव्हा ही 'शिल्लक शैली' कोण्या एका विक्षिप्त अभियंत्याची लहर होती, असे म्हणता येत नाही.

ही शैली पुढे लोप पावली. ठाणे जिल्ह्यातल्या मानपाड्यात, मग तो घोडबंदर रस्त्यावरचा असो वा डोंबिवलीचा (एकाच जिल्ह्यात दोन मानपाडे असल्याने कागद भलतीकडे जाण्याची सोय निसर्गतःच झाली आहे), आता 'सुधारित प्रशासकीय मान्यता' ही शैली रूढ आहे. तिच्यात मूळ अंदाजपत्रक हे केवळ जोते मानले जाते. त्यावर भाववाढ, मुदतवाढ आणि 'अतिरिक्त बाबी' असे मजले चढत जातात, आणि त्यांना भोगवटा प्रमाणपत्र लागत नाही.

अलंकरणाची परंपरा मात्र खंडित झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी जिन्याच्या प्रत्येक वळणावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, साईबाबा, गणपती आणि क्रूस यांच्या चकचकीत टाइल्स सर्वधर्मसमभावाने बसवलेल्या आढळतात. गार्गॉइल पाणी भिंतीपासून दूर फेकते, तर ही टाइल पानाची पिचकारी भिंतीपासून दूर ठेवते. कार्य एकच असून फरक इतकाच की पिचकारी दोन टाइलांमधली मोकळी जागा अचूक हेरते, आणि तेथील लाल रंगकामाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

स्टीव्हन्स यांच्या वास्तूचा दुसरा वारसा तर जसाच्या तसा जपला गेला आहे. तिची पायाभरणी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते १८८४ साली झाली आणि प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाले ते १८८९ साली. नारळ आणि कुदळ यांच्यातील हे अंतर मानपाड्यात आजही तंतोतंत पाळले जाते, किंबहुना त्याच्या बाबतीत मूळ अंदाजाहून पुष्कळ अधिक काम झाले आहे.