मागचा टायर रुंद करावयाचा असल्यास

ज्यांनी हप्त्यांवर वेगवान सेडान घेतली आहे आणि आता तिचे मागचे दोन टायर ज्यांना किरकोळ वाटू लागले आहेत, अशा मुलुंड, घाटकोपर, बोरिवली व अंधेरीच्या वाहनधारकांसाठी हे मार्गदर्शन आहे. चाकं कंपनीचीच राहणार, फक्त टायर रुंद होणार, हे गृहीत धरले आहे. उदाहरणादाखल आमच्या भाच्याची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेतली आहे. चाकणची गाडी, दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस. त्याला न विचारता घेतली आहे. टायरच्या बाबतीत तोही आम्हाला विचारत नाही.

नियम १. गाडी कोणत्या चाकांवर चालते, हे प्रथम जाणून घ्यावे.
इंजिनाची ताकद जिथे जाते तिथे पकड लागते. पोर्शे ९११चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं, म्हणून तिचे मागचे टायर रुंद. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज मुळात मागच्या चाकांवर चालते, म्हणून तिच्या काही मॉडेलना पुढे २२५ आणि मागे २५५ मिलिमीटर रुंद टायर. व्हर्टसची सगळी ताकद पुढच्या चाकांकडे जाते. मागची चाकं नुसती मागोमाग येतात. आपल्या उपनगरांत मागच्या चाकांवर चालणारी सगळ्यांच्या ओळखीची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे रुंद मागच्या टायरला जी पात्र होती तिला कोणी घातले नाहीत. हे सगळं मी भाच्याला सविस्तर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे मामा, पण मागून कसली भारी दिसेल!"

नियम २. टायरवरचे आकडे वाचावेत.
२०५/५५ आर१६ याचा अर्थ असा: रुंदी २०५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आणि रिम १६ इंची. पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर. आता उत्साहाच्या भरात २२५/५५ आणलात तर व्यास ६५४ होतो. पुढची चाकं एका वेगाने फिरतात, मागची दुसऱ्या. एबीएस बुचकळ्यात पडतं आणि डॅशबोर्डवर दिवाळी. रुंदी वाढवली की भिंत कमी करायची. २२५/५० घेतला तर व्यास ६३१. गणित आठवीचंच आहे; भाच्याने ते मोबाइलवर केलं.

नियम ३. रिमची रुंदी पाहिल्याशिवाय टायरवाल्याला पैसे देऊ नयेत.
अलॉयच्या आतल्या अंगाला ६जे, ६.५जे असं काहीतरी कोरलेलं असतं. चिखल खरवडल्यावर दिसतं. २२५/५० टायरला ६ ते ८ इंच रुंदीची रिम चालते, आदर्श ७. तुमची ६ असेल तर टायर बसेल, पण लोकलमधल्या चौथ्या सीटवर माणूस बसतो तसा: नियमात आहे, आरामात नाही. कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, मधलं रबर आधी गोटा होतं आणि वळणावर टायरची भिंत लचकते. दुकानदार म्हणेल, "बसतो ना साहेब, रोज बसवतो." बसतो याबद्दल वाद नाहीच.

मापं आधी जुळवावीत, हे निदान अंधेरीकरांना सांगायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल तिच्यापेक्षा चांगला दीड-दोन मीटर खाली राहिला होता. शेवटी बर्फीवाला जॅक लावून उचलला आणि जुलैमध्ये दोघांची गाठ पडली. पालिकेला अशी सोय असते. रिम जॅकवर घेतली तरी रुंद होत नाही.

नियम ४. घासतंय का, हे रिकाम्या गाडीत तपासू नये.
टायर २० मिलिमीटर रुंद झाला म्हणजे आत १० आणि बाहेर १०. दुकानात सगळं छान मोकळं दिसतं. खरी परीक्षा गणपतीला गावी जाताना: मागे तीन मोठी माणसं, डिकीत बॅगा, मखराचं सामान, आणि ऐन वेळी आत्याने ठेवलेली नारळांची गोण. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून "खर्रर्र" आलं की सगळे गप्प होतात. चालक रेडिओ मोठा करतो. उतरल्यावर चाकाच्या खाचेत हात घालून पाहावं. अस्तरावर चकचकीत पट्टा उमटला असेल आणि बोटांना काळी पूड लागली, तर टायर घासतोय. आत्याला दोष देऊ नये.

नियम ५. पावसाळा गृहीत धरावा.
वजन तेवढंच आणि टायर रुंद, म्हणजे बाजूला सारायचं पाणी जास्त. साचलेल्या पाण्यावर असा टायर लवकर तरंगतो. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर, एलबीएस रोडवरचा जुलै पाहिलेल्या माणसाने ३ वरच टायर बदलावेत. आणि दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागेच लावावेत, गाडी पुढच्या चाकांची असली तरी. ओल्यात मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरता येत नाही. हा नियम भाच्याला दाखवू नये.

नियम ६. पुढचे टायर मागे, मागचे पुढे ही अदलाबदल आता विसरावी.
स्टेपनीही फक्त पुढच्या चाकांची राहिली.

नियम ७. कायदा.
मोटार वाहन कायदा १९८८, वाहनातल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२. हवालदार टायर मोजत नाही. अपघातानंतर विम्याचा माणूस मोजू शकतो.

नियम ८. हवा.
हा एकमेव नियम भाचा आमच्यापेक्षा चांगला पाळतो. रविवारी सकाळी, गाडी हलायच्या आत, कारण टायर गार असतानाच खरा आकडा मिळतो, तो गेज घेऊन उकिडवा बसतो. गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरशी आकडा ताडून पाहतो. स्वतःची गाडी झाली की बिल्डिंगमधल्या बाकीच्यांच्या. सी विंगच्या जोशीकाकूंच्या टायरमधला खिळा त्यानेच शोधला, आणि "काकू, उपटू नका हां, आधी पंक्चरवाला बोलवा," हेही त्यानेच सांगितलं. असा मुलगा मागे २२५ लावतो, याला काय म्हणावं? लावू दे.

नियम ९. खर्च.
त्या पैशांत आणखी भर घालून कंपनीच्याच मापाचे चार उत्तम टायर आले असते. ब्रेक लवकर लागले असते, वळणं नीट कापली असती. मागून मात्र कोणालाच काही कळलं नसतं.

नियम १०. उतरवलेले दोन टायर टाकू नयेत.
गाडी विकताना लागतात. ठेवावे कुठे, हा प्रश्न भाच्याच्या आईने एका वाक्यात सोडवला. सध्या ते आमच्या बाल्कनीत आहेत. टायर ठेवताना प्लास्टिकने नीट झाकावेत. पाणी साचून डास झाले की पालिकेची माणसं येतात, आणि नोटीस गाडीच्या मालकाच्या नावाने निघत नाही, बाल्कनीच्या मालकाच्या नावाने निघते.